मुळांची चुंबळ

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका वादळी रात्री आमच्या परसातला आंबा आडवा झाला. फोंडा तालुक्यात पावसाळ्यात झाड पडणे ही काही बातमी नव्हे. पण हे झाड मोडले नव्हते, मुळांसकट उपटून आले होते. बारा वर्षांचे मानकुरादचे कलम, बुंधा मांडीएवढा. वडिलांनी मुळांवरची माती झटकली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. जाड मुळे एकमेकांभोवती फिरून त्यांची चुंबळ झाली होती. रोप ज्या काळ्या पिशवीतून आणले होते, तिच्या तळाचा आकार त्या मुळांना अजून होता.

तेव्हापासून कुंडीतले किंवा पिशवीतले कुठलेही रोप जमिनीत लावण्याआधी मी ते उपडे करून बघतो. तळाच्या भोकांतून मुळे बाहेर आली असतील, पाणी घातल्यावर ते लगेच खाली निघून जात असेल आणि गोळा बाहेर काढल्यावर मातीपेक्षा मुळेच जास्त दिसत असतील, तर रोपाला जागा पुरेनाशी होऊन बरेच दिवस झालेले असतात.

मुळाचे डोके त्याच्या टोकाशी असते. गुरुत्वाकर्षणाची दिशा मूळ टोकाने ओळखते, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवले. टोकावरच्या टोपीतल्या पेशींमध्ये पिठूळ स्टार्चचे कण असतात. ते खाली बसतात आणि मुळाला खालची बाजू कळते. वाटेत दगड आला तर टोक त्याला चाटत बाजूने सरकते आणि दगड संपला की पुन्हा खाली वळते. जमिनीत ही युक्ती उत्तम चालते. कुंडीची गुळगुळीत भिंत मात्र कधी संपतच नाही, म्हणून मूळ तिच्या कडेने फिरत राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मुळाची लांबी फक्त टोकामागच्या काही मिलिमीटरांत वाढते. त्यामागचा भाग एकदा तयार झाला की तो जागचा हलत नाही, सरळ होत नाही. वर्षानुवर्षे फक्त जाड होत जातो. ‘जमिनीत गेले की मुळे आपोआप मोकळी होतील’ हा समज इथेच चुकतो. नवी टोके बाहेर जातील, पण जुने वेटोळे तसेच राहणार. ते जाड होत जाईल, तशी मुळे एकमेकांना आणि कधी बुंध्यालाही आवळतील. आमच्या आंब्याचे नेमके हेच झाले होते. चहूबाजूंना पसरून झाडाला तोलून धरणारी मुळे त्याला फारशी नव्हतीच.

कुंडी लहान पडल्याची किंमत झाड वाढीतही मोजते. जर्मनीतल्या यूलिश संशोधन केंद्रातले हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या विषयावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले की झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले.

यावर उपाय सुरीचा आहे, आणि तो करताना हात कचरतो हे मला मान्य आहे. धारदार सुरीने गोळ्याच्या तळाची इंचभर चकती कापून टाकायची, मग बाजूंनी वरून खाली तीन-चार उभे काप द्यायचे. मुळाचे टोक कापले गेले की बाजूच्या फुटव्यांवरचा त्याचा दाब सुटतो आणि कापाच्या मागून नवी मुळे फुटतात. ती नव्या दिशेने, बाहेरच्या मातीत जातात. जास्वंद, तगर, मोगरा हे सहन करतात. पपईला मात्र मुळांना धक्का लागलेला आवडत नाही. ती कुंडीत अडकण्याआधीच लावावी. काजूचे कलम घेताना सोटमूळ पाहावे. ते तळाशी थोडे वळले असेल तर वळलेला भाग कापता येतो. वरच, बुंध्याजवळ, आकड्यासारखे वाकले असेल तर ते कलम घेऊच नये.

पण काप दिल्यावर रोप काही दिवस अर्धपोटी असते. पाणी शोषण्याचे बहुतेक काम टोकाजवळची कोवळी मूळरोमे करतात आणि तीच आपण काढलेली असतात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी उडवत राहतात. म्हणून मुळे कापायची ती हवा साथ देईल तेव्हाच.

माझी मावसबहीण निफाडकडे राहते. तिथे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. जानेवारीत तिचा फोन आला: अंजिराने कुंडी भरून टाकलीय, आता जमिनीत लावू का? मी म्हटले, ‘ताई, थोडी थांब.’ निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर ३ अंश दाखवत असेल, तेव्हा जमिनीलगतच्या पानावर दव गोठलेले असू शकते. पानातले पाणी आधी पेशींच्या बाहेर गोठते आणि तो बर्फ पेशींमधले पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे थंडीने जळलेले पान बऱ्याच अंशी कोरडे पडून मेलेले असते. मुळे नुकतीच कापलेल्या रोपाला ही तूट भरून काढता येत नाही. शिवाय माती थंड असताना मुळांची वाढ मंदावते. १० अंशांच्या खाली टोमॅटो-मिरचीची मुळे जवळजवळ वाढतच नाहीत.

मग भरलेल्या कुंडीचे काय करायचे? मी तिला सांगितले ते असे: एकच माप मोठी कुंडी घे, मुळे थोडी मोकळी कर, दिवसा उन्हात आणि रात्री पडवीत ठेव. थंडी ओसरली की आठ-दहा दिवस हळूहळू बाहेर राहायची सवय लाव आणि मग जमिनीत लाव. कुंडीला रात्री बाहेर विसरू नकोस. जमिनीला खालून ऊब असते, कुंडीला चहूबाजूंनी गार हवा लागते, आणि मुळे फांद्यांपेक्षा थंडीला नाजूक असतात.

आमच्या गोव्यात गोठलेले दव कुणी पाहिलेले नाही. तरी मे महिन्यात माझी अडचण अगदी तिच्यासारखीच असते: पिशवी भरलेली आणि आभाळ तयार नाही. वळवाची एक सर आली की हात शिवशिवतात. पण त्यानंतर आठवडाभर कडक ऊन पडले तर कापलेल्या मुळांचे रोप तहानेनेच मरते. म्हणून मी तेव्हाही मोठी पिशवी आणि माडाची सावली यांवर वेळ काढतो. मिरग लागून माती वीतभर ओली झाली की जमिनीत लावतो. जूनच्या पूर्वार्धात लावलेल्या रोपाला ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळे पसरायला जवळजवळ चार महिने मिळतात.

आमच्याकडे धोका नंतर येतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात जुलै सर्वांत जोराचा, आणि खाली जांभा. पहारीने जांभ्यात खणलेला गुळगुळीत भिंतींचा खड्डा म्हणजे दगडाची कुंडीच! मुळे तिथे पुन्हा गोल फिरतात आणि पाणीही साचते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे बुडालेली मुळे गुदमरतात. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त ठेवावा, त्याच्या भिंती पहारीने ओरबाडून खडबडीत कराव्यात, आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटे उंच, उंचवट्यावर बसवावे. कलमाचा जोड मातीत जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पिशवीतले मिश्रण भुसभुशीत असते, बागेतली माती बारीक. बारीक माती गोळ्यातले पाणी स्वतःकडे ओढते. पावसाने चार दिवस उघडीप दिली, तर भोवतालची माती ओली दिसत असतानाही गोळा आतून कोरडा असू शकतो. पाणी बुंध्यालगत, गोळ्यावरच घालावे.

चवथीच्या सुमारास मी प्रत्येक नव्या रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून हलकेच ढकलतो. वाटीत ठेवलेल्या लिंबासारखा गोळा आतल्या आत डुलला, तर मुळे अजून बाहेर पडलेली नाहीत. त्याला आधाराची काठी राहू देतो आणि पाऊस संपल्यावर पाणी चुकवत नाही. बुंधा वाकला आणि खालची माती जागची हलली नाही, तर काठी काढून घेतो.