रुळांमधली फट गेली कुठे?

शेजारचा आठवीतला मुलगा परवा ठाणे स्थानकाच्या फलाटावरून बराच वेळ रुळांकडे पाहत होता. "उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवतात, असे आम्ही परीक्षेत लिहितो. मग ती फट इथे कुठे आहे?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. मुख्य मार्गांवर ती फट आता जवळजवळ उरलेली नाही.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, त्यानंतर दीर्घ काळ रूळ फिशप्लेटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोल्टने कसलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, जोडले जात. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ५ मिलिमीटर लांबतो, एवढ्यासाठी छोटीशी फट पुरते. मात्र प्रत्येक फटीवर चाक आदळते आणि रुळाची टोके झिजतात. म्हणून रूळ एकमेकांना वितळजोड देऊन किलोमीटरच्या किलोमीटर अखंड केले गेले. असा एक किलोमीटरचा रूळ मोकळा सोडला, तर त्याच ३० अंशांत तो ३६ सेंटिमीटर वाढेल.

पण तो मोकळा नसतो. पोलादी क्लिपांनी तो सिमेंटच्या स्लीपरांना, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांना, जखडलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. लांबी वाढू दिली नाही की तापमानवाढीचे रूपांतर दाबात होते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात ३० अंशांच्या वाढीने सुमारे ५५ टन जोर साठतो, म्हणजे दोन्ही रुळांत मिळून ११० टन. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की हा जोर रुळाच्या लांबीवर अवलंबून नसतो. रूळ एक किलोमीटरचा असो वा पन्नास, प्रत्येक मीटरला आपल्या वाट्याचे ०.३६ मिलिमीटर तेवढे दाबून धरायचे असते, शेजारच्या मीटरचे ओझे त्याच्यावर येत नाही. फक्त अखंड रुळाच्या दोन्ही टोकांकडचा काही भाग थोडा सरकतो आणि तिथे सरकते सांधे बसवलेले असतात.

हा जोर बाजूला फुटू नये म्हणून स्लीपरांच्या टोकांबाहेरही खडीचा भर असतो. खडी नुकतीच उकरलेली असेल तर तिची पकड सैल असते आणि म्हणून तिथून काही काळ गाड्या सावकाश नेतात. उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांनी सहज अधिक तापतो, तेव्हा पकड अपुरी पडली की तो नागमोडी वाकतो. अशा छायाचित्राखाली दर उन्हाळ्यात 'उन्हाने रूळ वितळले' असा संदेश फिरतो. तो निखालस खोटा आहे, कारण पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात.

रूळ जखडतानाचे तापमान म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ते वर्षभरातल्या कमाल आणि किमान तापमानांच्या मध्याच्या थोडे वर निवडतात. त्यापेक्षा रूळ गार झाला की तो आखडू पाहतो, पण आखडता येत नसल्याने ताणला जातो. हिवाळ्यातल्या पहाटे 'रुळाला तडा, लोकल उशिराने' ही बातमी येते, तिच्यामागे बहुधा हाच ताण आणि एखादा कच्चा जोड असतो.

मी त्या मुलाला रुळाच्या मधल्या अरुंद भागावरचा एक खडबडीत फुगवटा दाखवला. ॲल्युमिनियमची पूड आणि लोहाचे ऑक्साइड पेटवून मिळालेला पोलादाचा रस तिथे ओतलेला होता. रुळाचा माथा मात्र घासून सपाट केलेला होता. कल्याणकडे जाणारी लोकल त्या जोडावरून आवाज न करता गेली आणि तिचा खडखडाट ऐकू आला तो पुढे, मार्ग बदलण्याच्या सांध्यांवर पोहोचल्यावर.