भिंतीवरचे दोन कोळी: पट्टे नंतर, आधी बाजूने बघा

चहा उकळेपर्यंत ओट्यामागच्या टाइलकडे बघत राहिलं, तर बऱ्याचदा एक कोळी दिसतो. सेंटिमीटरभर लांब, जाळं वगैरे काही नाही. आपण वाकलो की तो अख्खा वळतो आणि थेट आपल्याकडे रोखून बघतो. या उड्या मारणाऱ्या कोळ्याला घरात सगळे एकच समजतात. पण आपल्याकडच्या भिंतींवर सर्रास दिसणाऱ्या जाती दोन आहेत: प्लेक्सिपस पेकुली आणि मेनेमेरस बायव्हिटॅटस.

पट्ट्यांवरून ओळखायला गेलं की घोळ होतो, कारण नर आणि मादीचे पट्टेच निराळे. प्लेक्सिपसचा नर काळा, मधोमध रुंद पांढरा पट्टा, शेपटाकडे दोन पांढरे ठिपके. मादी तपकिरी, मधला पट्टा फिकट. मेनेमेरसमध्ये नराच्या अंगाच्या मागच्या भागावर, वरच्या बाजूला मधोमध गडद पट्टा, तर मादीचा मधला भाग फिका आणि दोन्ही कडा गडद. ‘बायव्हिटॅटस’ म्हणजे दोन पट्ट्यांचा. एकूण रूपं चार, जाती दोनच.

म्हणून मी आधी भिंतीला गाल लावून बाजूने बघते. मेनेमेरस चपटा असतो, जणू कुणी वरून अंगठ्याने दाबलाय. अंगावर दाट करडी-पांढरी लव, त्यामुळे जुन्या चुन्याच्या भिंतीवर तो हलेपर्यंत दिसतच नाही. प्लेक्सिपसचं डोकं उंच आणि अंग भरलेलं. एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो.

जागाही थोडं सांगते. मेनेमेरसला उन्हाची बाहेरची भिंत आणि खिडकीची चौकट आवडते. प्लेक्सिपस दिव्याजवळ, किडे येतात तिथे सापडतो.

शिकार बघायची तर माझा जीव मेनेमेरसवर. काल खिडकीत माशी बसली होती. तो तिच्याकडे वळला आणि इतक्या हळू सरकू लागला की काचेवरचा एक डाग धरून अंतर मोजावं लागलं. माशीने पाय चोळले, हा थांबला. ती स्थिरावली, हा पुन्हा निघाला. जवळ पोचल्यावर अंग चौकटीला टेकवलं, रेशमाचा धागा तिथे चिकटवला आणि मगच झेपावला. नेम चुकला असता तरी त्याच धाग्यावर लोंबकळून परत चढता आलं असतं. त्या उडीमागे जाडजूड मांड्या नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब पायांत शिरतो आणि ते झटक्यात ताठ होतात. धाग्याची आणि दाबाची ही रीत प्लेक्सिपसचीही तीच.

झाडलोट करताना मात्र एक बघा. चौकटीच्या फटीत पांढऱ्या रेशमाचा छोटा ठिगळासारखा पडदा दिसला, तर ते कोळिष्टक समजून कुंचा फिरवू नका. मेनेमेरसची मादी अशा पडद्याआड अंडी घालते आणि राखण करत तिथेच बसते. टॉर्च तिरका धरला की आत तिचे पुढचे दोन मोठे डोळे चमकताना दिसतात.