सांता लुचिया आणि बेफाना

इटलीतील हिवाळी सणांविषयी वाचताना सांता लुचिया आणि बेफाना यांची हमखास गल्लत होते. दोघीही मुले झोपल्यावर रात्री घरी येतात, दोघीही शहाण्या मुलांना खाऊ आणि खेळणी देतात आणि खोडकर मुलांच्या वाट्याला दोघींकडूनही कोळसाच येतो. त्यामुळे एकाच लोककथेची ही दोन रूपे असावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पहिली चर्चने मान्य केलेली संत आहे, तर दुसरी लोकांच्याच कल्पनेत लहानाची मोठी झालेली म्हातारी आहे, आणि बाकीचे बहुतेक भेद यातूनच निघतात.

सांता लुचिया सिसिलीतील सिराकुसा नगरातली. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात झालेल्या ख्रिश्चनांच्या छळात, इ.स. 304 मध्ये ती हुतात्मा झाली, असे परंपरा सांगते. तिचा सण 13 डिसेंबरला असतो आणि ती दृष्टीची रक्षणकर्ती मानली जाते. मुलांना भेटी देणारी म्हणून मात्र ती उत्तरेकडील वेरोना, बेर्गामो, ब्रेशा, क्रेमोना अशा मोजक्या भागांतच येते. वेरोनातील आख्यायिकेनुसार तेराव्या शतकात मुलांमध्ये डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा अनवाणी यात्रेला जाण्यास कुरकुरणाऱ्या मुलांना आईवडिलांनी वचन दिले की परत याल तेव्हा तुमचे जोडे भेटींनी भरलेले असतील. आजही 12 तारखेच्या रात्री तिथली मुले तिच्यासाठी खाऊ आणि तिच्या गाढवासाठी गवत किंवा गाजर ठेवतात. जागे राहून तिला चोरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती राख फेकते, अशी धाक घालण्याची रीत आहे. डोळ्यांच्या संताने डोळ्यांनाच शिक्षा द्यावी, यातील लोकमनाची सुसंगती मला फार लक्षणीय वाटते.

सिसिलीत या दिवसाचा खरा भर अन्नावर आहे. पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य करून तांदळाचे तळलेले गोळे, म्हणजे आरांचिने, आणि कुच्चीया खातात. कुच्चीयासाठी अख्खे गहू भिजवून, मऊ होईपर्यंत शिजवून त्यात रिकोटा चीज आणि साखर घालतात, वर पाकवलेल्या फळांचे तुकडे आणि चॉकलेट पेरतात. साखर घातलेल्या गव्हाच्या घुगऱ्या डोळ्यांसमोर आणल्या की या पदार्थाची बरीचशी कल्पना येते. 1646 च्या दुष्काळात गव्हाचे जहाज बंदराला लागले आणि भुकेल्या लोकांनी दळण्याचीही वाट न पाहता गहू तसेच शिजवले, अशी त्यामागची कथा आहे.

बेफाना येते ती 5 जानेवारीच्या रात्री, एपिफनीच्या, म्हणजे 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणाच्या, आदल्या दिवशी, आणि ती देशभर येते. तिला गाढव नाही, झाडू आहे. अंगावर ठिगळांचे कपडे आणि पायांत फाटके जोडे असतात. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांनी तिला वाट विचारली आणि सोबत येण्याचा आग्रह केला, पण ती गेली नाही. नंतर पश्चात्ताप होऊन ती खाऊची पिशवी घेऊन निघाली आणि तेव्हापासून प्रत्येक घरात त्या बाळाला शोधत खाऊ ठेवते, असे सांगतात. मुले तिच्यासाठी मोजा टांगतात. त्यात निघणारा कोळसा आता बहुधा साखरेचाच असतो: काळा रंग दिलेला, सच्छिद्र, दाताखाली करकरणारा. रोमच्या नावोना चौकातील जत्रा आणि मार्के प्रांतातील उर्बानिया गावचा उत्सव तिच्याच नावाचे आहेत.

तीन राजांचा हाच सण 6 जानेवारीला गोव्यात रेइश मागुश येथेही राजांच्या वेशातील तीन मुलांच्या मिरवणुकीने साजरा होतो. तिथे बेफाना मात्र नाही, कारण ती चर्चच्या विधीचा भाग नसून इटलीच्या घराघरांतली आहे. इटलीत तिच्या दिवसाला सुट्टीही आहे: 1977 मध्ये सरकारने एपिफनीची सुट्टी रद्द केली होती, ती 1985 अखेरच्या आदेशाने पुन्हा लागू झाली.