नवीन घर बांधताय? छतावरील सौर यंत्रणेच्या अनुदानाचा अर्ज कधी आणि कसा करायचा

घराचा नकाशा हातात आला की बरेच जण आधी सौर पॅनेलचे दर विचारतात. पण अनुदानाचे गाडे पॅनेलवर नाही, वीजबिलावर अडते. हे अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचा कालावधी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो आणि त्यात पहिल्याच पानावर वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक भरावा लागतो. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर हा अर्ज करता येत नाही, घरगुती वर्गवारीची कायम जोडणी लागते. म्हणून वायरिंग पूर्ण होताच परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा जोडून आधी कायम जोडणी मागा.

ही जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची, हे घरात आधीच ठरवा. वीजबिलावरचे नाव, पोर्टलवरचा अर्जदार आणि अनुदान जमा होणारे बँक खाते या तिन्ही ठिकाणी एकच नाव हवे. बिल वडिलांचे, अर्ज मुलाचा आणि खाते सुनेचे, असे झाले की काम पूर्ण होऊनही अनुदान रखडते. जुने घर पाडून त्याच जागी बांधत असाल आणि जोडणी दिवंगत आजोबांच्या नावावर असेल, तर वारसांच्या संमतीसह नावात बदल करून घ्या, मगच पोर्टल उघडा. आडनावाच्या स्पेलिंगमधला फरकही याच वेळी दुरुस्त करा.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, छत स्वतःच्या मालकीचे आणि पॅनेल बसवण्याजोगे हवे, वीजजोडणी चालू हवी आणि सौर पॅनेलसाठी आधी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

अनुदानाचा हिशेब असा: पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये, आणि त्यापुढे यंत्रणा कितीही मोठी असली तरी आकडा तोच. इथे एक बारकावा विक्रेते सहसा सांगत नाहीत. क्षमता मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी, ती धरतात. ५४० वॅटचे ५ पॅनेल लावले तर होतात २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा असला तरी अनुदान ७२,६०० रुपयेच मिळेल. सहावा पॅनेल लावला की पूर्ण ७८,००० रुपये.

क्षमता छताच्या आकारावरून नको, वापरावरून ठरवा. एक किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिटला २ ते ३ किलोवॅट पुरते. नव्या घराची जुनी बिले नसतात, त्यामुळे सध्याच्या घराचा वर्षभराचा वापर धरा आणि नवा एसी किंवा विजेवरची गाडी येणार असेल तर तेवढी भर घाला.

आता छत. प्रतिकिलोवॅट साधारण १० चौरस मीटर, सावली न पडणारी जागा सोडा. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, म्हणून जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी उत्तरेला घ्या. एकाच माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली पडली, तरी अख्ख्या माळेचे उत्पादन घसरू शकते. सांगाड्याचे काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधीच ओतून घ्या. नंतर स्लॅबला भोके पाडली की गळती ठरलेली! छतापासून मीटरपर्यंत केबलसाठी पाइप भिंतीतच टाका. डीसी बाजू (पॅनेल ते इन्व्हर्टर), एसी बाजू (इन्व्हर्टर ते मीटर) आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक यांच्या स्वतंत्र अर्थिंगसाठी अंगणात ३ जागा राखा. फरशी बसल्यावर ती खोदणे जिवावर येते.

जोडणी मिळाली की राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज वितरण कंपनी आणि ग्राहक क्रमांक निवडून मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो. अलीकडचे बिल जवळ ठेवा. १० किलोवॅटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, तो स्वीकारलाच गेला असे मानले जाते. मंजूर भार (जोडणीवर वापरता येणाऱ्या विजेची ठरलेली मर्यादा) कमी पडत असेल तर तो वाढवण्याचे काम वितरण कंपनीचे. त्यानंतर पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडा. पैसे कमी पडत असतील तर ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला आहे.

विक्रेत्याशी करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या: पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्यांचे) आणि भारतातच जोडलेले असतील, आणि ५ वर्षांची देखभाल त्याच्याकडे राहील. स्वस्तात मिळणारे पॅनेल अनेकदा आयात सेलचे असतात आणि त्यांवर अनुदान मिळत नाही. अर्ज नोंदवण्याआधी काम सुरू करू नका.

काम झाल्यावर विक्रेता पॅनेलचे क्रमांक आणि छायाचित्रे पोर्टलवर चढवतो. ते क्रमांक छतावर जाऊन स्वतः जुळवून पाहा. मग वितरण कंपनी पाहणी करते, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बसवते आणि यंत्रणा कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो. इतके झाले तरी अनुदान आपोआप येत नाही. खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरून ते मागावे लागते, आणि ही पायरी विसरणारे कमी नाहीत. मागणी केल्यावर साधारण ३० दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित असते.

आणखी एक, कारण तक्रारी याच्याच जास्त येतात. बॅटरी नसलेली यंत्रणा गावची वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तो बिघाड नाही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.