दगड-मातीचे घर पाडणे म्हणजेच मदत नव्हे

१९९३ च्या किल्लारी भूकंपापासून, पुण्याहून घरबांधणीला जाणाऱ्या स्वयंसेवकांत एक समज टिकून आहे: दगड-मातीचे घर जीवघेणेच असते, म्हणून ते पाडून सिमेंटचे बांधावे. तो अर्धवट आहे. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे जाड भिंती कोसळल्या, कारण त्यांचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते, मध्ये माती व दगडांचा चुरा भरलेला होता आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेल्या माळवदाचा भार वर होता. भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे दगड ठरावीक अंतरावर घातले, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधला आणि माळवदावरची माती उतरवली, तर तेच घर कितीतरी अधिक तग धरते. त्या वेळच्या पुनर्वसन कार्यक्रमातही असंख्य घरांसाठी दुरुस्ती व मजबुतीकरणाचाच मार्ग निवडला होता. उलट सिमेंट ही काही हमी नव्हे, कारण २००१ च्या कच्छ भूकंपात दूरवरच्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. हौशी हातांनी भिंत रचू नये, हे मात्र खरे. माती उतरवणे, दगड वाहणे, बांधकामावर पाणी मारणे ही कामे अनुभवी गवंड्याच्या सांगण्यावरून करावीत.