नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे: एका निदानाची पार्श्वभूमी

नाकात पुन्हा पुन्हा धरणाऱ्या रक्ताळलेल्या खपल्या, औषधांना दाद न देणारा सायनसचा त्रास, काही महिन्यांनी खोकल्यातून पडणारे रक्त आणि निकामी होऊ लागलेली मूत्रपिंडे या तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे जातात. त्यामुळे त्यांच्या मुळाशी लहान रक्तवाहिन्यांचा एकच ऑटोइम्यून दाह, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा दाह आहे, हे उमगायला फार काळ लागला. हा आजार म्हणजे ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, पूर्वीचे नाव वेगेनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस.

1931 मध्ये जर्मनीत हाइन्ट्स क्लिंगर यांनी अशा आजाराचे वर्णन केले, पण तो त्यांनी पॉलिआर्टरायटिस नोडोसा या रक्तवाहिन्यांच्या दुसऱ्या आजाराचाच प्रकार मानला. तो वेगळा आजार आहे, हे फ्रीडरिश वेगेनर यांनी 1936 आणि 1939 मधील लेखांतून मांडले. पुढे 1954 मध्ये गॉडमन आणि चर्ग यांनी श्वसनमार्गातील ग्रॅन्युलोमा (दाहातून बनणाऱ्या पेशींच्या लहान गाठी), रक्तवाहिन्यांचा दाह आणि मूत्रपिंडांचा दाह ही त्रयी निश्चित केली. तरीही 1958 च्या एका आढाव्यात रुग्णांचे सरासरी आयुष्य अवघे 5 महिने असल्याचे दिसले. 1970 च्या दशकात सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि स्टेरॉइड यांच्या एकत्रित उपचाराने बहुतेक रुग्ण सावरू लागले, आणि तेव्हापासून निदानातील प्रत्येक आठवड्याच्या विलंबाला खरी किंमत आली.

नेमकी रक्तचाचणी मात्र त्यानंतर आली. 1985 मध्ये वान डेर वाउडे आणि सहकाऱ्यांनी रुग्णाचा सीरम (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवर घालून पाहिला, तेव्हा फ्लुओरेसंट सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींचा पेशीद्रव कणाकणांनी उजळलेला दिसला. हीच अँका चाचणी; अँका म्हणजे न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवावरच उलटणारी रक्तातील प्रतिपिंडे. या प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य प्रोटिनेज-3 हे प्रथिन असल्याचेही काही वर्षांतच कळले. ही चाचणी मोलाची असली तरी तिच्यावरच विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण क्षयरोगात किंवा हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, तर आजार नाकापुरताच असताना ती अनेकदा निगेटिव्ह येते. शक्य तिथे बायोप्सी लागते ती यासाठीच.

वेगेनर यांचे नाझी पक्षाशी असलेले संबंध उजेडात आल्यानंतर, 2011 मध्ये त्यांच्या नावाऐवजी ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस हे नाव सुचवण्यात आले. नव्या नावाखालीही लघवीच्या साध्या तपासणीचे महत्त्व तसूभर कमी झालेले नाही, कारण मूत्रपिंडांचा दाह बराच काळ न दुखता, न जाणवता वाढतो आणि त्याची पहिली खूण बहुधा लघवीतल्या वेड्यावाकड्या आकाराच्या तांबड्या पेशींतच सापडते.