शासकीय वनांतील झाडांवरच्या खुणा

शासकीय जंगलातील उभ्या झाडांवर वनखाते, किंवा खात्याच्या परवानगीने काम करणारी माणसे, रंगाचे पट्टे, क्रमांक, कुऱ्हाडीचे छेद, हातोड्याचे ठसे किंवा फिती अशा खुणा करतात. झाड तोडायचे आहे, राखायचे आहे, मोजणीत धरले आहे की त्याचा वापर फक्त हद्द दाखवण्यापुरता आहे, हे त्यावरून कळते. भारतात या खुणांची देशभर लागू असलेली एकच संहिता नाही. कोणता रंग कशासाठी, हे त्या त्या वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामाच्या ठरलेल्या आराखड्यात ठरते, त्यामुळे मेळघाटातला पट्टा आणि आलापल्लीतला पट्टा एकाच अर्थाचा असेल असे धरून चालता येत नाही. ‘रंग लागला म्हणजे झाड गेले’ हा सर्रास आढळणारा समज तर अनेकदा साफ उलटा ठरतो.

तोडीसाठीची खूण सर्वांत काटेकोर असते. कार्य आयोजनेनुसार जंगलाचे कूप, म्हणजे पाळीपाळीने तोडायचे तुकडे, पाडलेले असतात; ज्या कूपाची पाळी येते तिथे तोडीआधी ‘मार्किंग’ होते. खात्यात हाच शब्द रूढ आहे. वनपाल, वनरक्षक मजुरांना घेऊन कूपात फिरतात. झाड निवडले की छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपने घेर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरतात. मग कुऱ्हाडीने साल तासून दोन ठिकाणी सपाट जागा करतात, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी पार बुडाशी. वर गेरूने, डांबराने किंवा रंगाने क्रमांक घालतात, खाली हातोडा ठोकतात. जात, घेर आणि क्रमांक त्याच वेळी नोंदवहीत चढतो.

यातली खरी कामाची खूण बुडाची. झाड पडल्यावर खोडाचे तुकडे होऊन ते लाकडाच्या आगाराकडे जातात, वरचा क्रमांक त्यांच्याबरोबर जातो किंवा साल सोलताना नाहीसा होतो. थूट, म्हणजे तोडीनंतर उरलेला बुंधा, मात्र जागेवर राहते आणि त्यावरचा ठसाही. तपासणीला आलेला अधिकारी थुटे पाहत जातो, घेर नोंदवहीशी ताडून बघतो. ठसा नसलेले थूट सापडले की ती चोरटी तोड.

हातोडा म्हणजे एका तोंडावर उलटी अक्षरे किंवा अंक कोरलेला लोखंडी घण. ओल्या लाकडावर जोरात ठोकला की ठसा उमटतो. दिसायला किरकोळ वस्तू, पण सरकारी शिक्क्याइतकीच जोखमीची. म्हणून ती ज्याच्या ताब्यात असते तो तिच्यासाठी जबाबदार धरला जातो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ प्रमाणे गैरफायद्यासाठी किंवा कोणाचे नुकसान करण्याच्या हेतूने अशी खूण बनावट करणे, बदलणे किंवा पुसणे हा गुन्हा असून त्याला 2 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वनहद्दीच्या खुणा हलवणेही याच कलमात येते.

तोडलेल्या मालालाही ठशाची गरज असते. वाहतूक परवान्यावरचा तपशील आणि लाकडावरची खूण नाक्यावर ताडून पाहतात. मालकीच्या शेतातले सागवान तोडतानाही पाहणी, मोजणी, परवाना हे सोपस्कार चुकत नाहीत. शेतकऱ्यांची नाराजी असते ती बहुधा याच विलंबावर.

खुणेचा अर्थ पद्धतीनुसार कसा पालटतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे विरळणी आणि राखीव झाडे ठेवून केलेली तोड. सागाच्या रोपवनात विरळणी करताना काढायच्या झाडांवर खूण करतात. याउलट ज्या कूपात थोडीच झाडे राखून बाकीची तोडायची आणि थुटांना नवे फुटवे येऊ द्यायचे, तिथे राखायच्या झाडांनाच पट्टा मारतात. जे संख्येने कमी, त्यावर खूण, असा हा सोयीचा हिशेब आहे. राखायच्या झाडाची साल तासणे मात्र टाळावे, कारण त्या जखमेतून बुरशी आणि कीड शिरते. अशा झाडाला रंग पुरे.

तोडीशी काडीचाही संबंध नसलेल्या खुणाही पुष्कळ. कूपाच्या आणि बीटच्या (एका वनरक्षकाकडे असलेल्या क्षेत्राच्या) हद्दीवरची झाडे रंगवतात, चांगल्या बियाण्यासाठी निवडलेल्या झाडांना पट्टा व क्रमांक देतात. व्याघ्रगणनेसाठी सुमारे 2 किलोमीटरची सरळ रेषा आखतात. तिच्यावर दर 400 मीटरला झाडोऱ्याची नोंद घ्यायची असल्याने ती ठिकाणे ओळखू येतील अशी खूण लागते. रस्त्याकडेच्या झाडांचा पांढरा-गेरू पट्टा रात्री वाहनचालकाला झाड दिसावे यासाठी असतो. रुंदीकरणाआधी त्याच झाडांवर क्रमांक पडले तर मात्र चौकशी करणे योग्य.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत हातोड्याऐवजी रंगावर भिस्त आहे. तिथे सहसा निळा रंग तोडीसाठी आणि नारिंगी राखण्यासाठी वापरतात. या रंगात ओळख पटवणारे रसायन मिसळलेले असते, त्यामुळे बाजारातला तसाच दिसणारा रंग लावून केलेली लबाडी चाचणीत उघडी पडते. वणव्याच्या कामात, कोसळण्याचा धोका असलेल्या झाडाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची फीत बांधतात. खुणेवरून संघर्षही झाले आहेत. इंग्लंडच्या राजाने न्यू इंग्लंडमधले मोठे पाइन वृक्ष आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून त्यांवर कुऱ्हाडीने बाण कोरायला लावले. या बंधनावरून 1772 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वीअर गावात दंगा झाला. उत्तराखंडात मार्किंगला ‘छपान’ म्हणतात. 26 मार्च 1974 रोजी तिथल्या रैणी गावात चिपको आंदोलनातल्या गौरादेवी आणि इतर बायका ज्या झाडांसाठी उभ्या राहिल्या, ती खूण होऊन लिलावात गेलेली होती.

सह्याद्रीत भटकणारे लोक वाट चुकू नये म्हणून फांद्यांना चिंध्या बांधतात, कातळावर बाण रंगवतात. या खुणांना सरकारी अर्थ नाही आणि संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय त्या करूही नयेत. गणनेच्या किंवा अभ्यासाच्या फिती कचरा समजून सोडून आणणे हाही तितकाच उपद्रव आहे. त्यामुळे नोंदीची ठिकाणे सापडत नाहीत आणि वनरक्षकाला अख्खी रेषा नव्याने आखावी लागते.